शर्यतीच्या आतली माणसे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'शर्यत' एवढेच कळविले. त्यावर त्यांनी मोठ्या अदबीने विचारणा केली की, विषय थोडा हलका तर होणार नाही ना? शंका रास्त होती. वसंतातल्या व्याख्यानांत कोणी ज्ञानेश्वरीवर बोलतो, कोणी सहकारी चळवळीवर. त्यांच्या पंगतीला शर्यतीला पाट मांडावा कसा? परंतु ज्या खेळापायी माणसे घरची कामे टाकून दिवसदिवस उन्हात उभी राहतात, ज्याचा निवाडा करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींना एकत्र बसावे लागले, तो विषय हलका आहे असे आम्हांस वाटत नाही. आणि गिरडसारख्या गावात, जेथे बैल हा अजून घरातला माणूस आहे, तेथे तर मुळीच नाही.

आरंभीच कबूल करतो की आम्ही शर्यतवाले नव्हे. आयुष्यात सायकलीपेक्षा वेगाचे वाहन आम्ही हाकले नाही. बैलगाडीत बसलो तेही मागल्या अंगाला, कडब्याच्या पेंढ्यांवर. आमच्याजवळ आहेत त्या केवळ गप्पा. गेली काही वर्षे आम्ही शर्यतीच्या आतल्या माणसांच्या मागे लागून त्यांना बोलते करीत आलो. काही मोटारींच्या शर्यतीतली, काही आपल्या शंकरपटातली. दोरीच्या अलीकडे उभ्या असलेल्या गर्दीला जे दिसत नाही ते दोरीच्या पलीकडच्या माणसाला काय दिसते, एवढाच आमचा प्रश्न होता. त्याचे जे उत्तर मिळाले ते आज आपणापुढे ठेवावयाचे आहे.

पहिली गाठ पडली ती नागपुरातील एका वृद्ध मोटार-कारागिराशी. हे गृहस्थ तरुणपणी रॅलीच्या गाड्यांबरोबर गावोगाव हिंडले. रॅलीत सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक गाडी सोडतात आणि निवाडा घड्याळ करते. आपल्याकडे कोठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात, तर कोठे एकेक जोडी घड्याळावर पळवितात. त्यातला घड्याळाचा पट ज्याने पाहिला आहे, त्याला रॅली निराळी समजावून सांगावी लागत नाही.

मोटारींच्या शर्यती ही श्रीमंतांची परदेशी चैन आहे अशी आपली समजूत असते. तीत तथ्य आहे. पण तो खेळ आपल्याही देशात बराच जुना झाला. मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी बांधलेली धावपट्टी होती. युद्ध संपले, विमाने गेली, आणि त्या रिकाम्या पट्टीवर मोटारी धावू लागल्या. १९५३ साली मद्रासेस या खेळाची संस्था निघाली. १९८० साली मुंबईच्या नाझिर हुसेन यांनी हिमालयातली रॅली उभी केली. कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरला. त्या पायरीवर पोहोचलेला तो पहिला भारतीय. पुढे दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे पाच किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा मार्ग बांधला गेला आणि ३० ऑक्टोबर २०११ रोजी तेथे जागतिक शर्यत झाली. २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे ती चालली; तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. त्यानंतर ती आजवर परतली नाही.

आमचे कारागीर मात्र या सोहळ्यांविषयी फारसे बोलत नाहीत. ते म्हणतात, "गाडी जिंकली की लोक चालकाचा फोटो काढतात. आमचा फोटो कधी निघतो? चाक निखळले म्हणजे!" आजकाल फॉर्म्युला वनमध्ये चारही चाके बदलावयास दोन सेकंदांच्या आसपास वेळ लागतो, २०२३ साली कतारला मॅक्लारेनच्या माणसांनी ते काम १.८० सेकंदांत केले. आपण येथे 'श्रीराम' म्हणेपर्यंत तिकडे चार चाके बदललेली असतात. त्यासाठी वीसएक माणसे महिनोन्महिने तोच तो हात फिरवीत असतात, आणि त्यांपैकी एकाचेही नाव प्रेक्षकांस ठाऊक नसते.

आम्ही त्यांना विचारले, "तुमच्या कामात सर्वांत अवघड ते काय?" आमची अपेक्षा अशी की, रात्रीच्या वेळी इंजिन उघडणे किंवा पावसात गिअर बसविणे असे काही ते सांगतील. ते म्हणाले, "चालकाला नाही म्हणणे." मग त्यांनी एक प्रसंग सांगितला. एका रॅलीत पहाटे गाडी तपासताना स्टिअरिंगच्या दांडीला केसाएवढी चीर त्यांना दिसली. बदलावयास दांडी जवळ नव्हती. मालकाने पैसा ओतलेला, चालक हेल्मेट घालून उभा, आणि पहिला नंबर हाताशी आलेला. त्यांनी गाडीची किल्ली काढून खिशात घातली. मालक दोन महिने त्यांच्याशी बोलला नाही. "आणि चालक?" आम्ही विचारले. "तो दर दिवाळीला येतो," ते म्हणाले.

या गोष्टीला जोड म्हणून जगाला ठाऊक असलेली दुसरी सांगतो. ऑस्ट्रियाचा निकी लाउडा १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीतील न्युरबुर्गरिंग येथे पेटत्या गाडीत सापडला. चेहरा भाजला, फुप्फुसांत विषारी धूर गेला. धर्मगुरूने अखेरचे संस्कारही केले. तो माणूस सहा आठवड्यांत पट्ट्यांनी बांधलेल्या डोक्यावर हेल्मेट चढवून इटलीतल्या शर्यतीत उतरला आणि चौथा आला. त्याला भित्रा म्हणण्याची कोणाची छाती व्हावी? पुढे २४ ऑक्टोबरला जपानात फुजी येथे वर्षाची शेवटची शर्यत होती. अजिंक्यपद हाताशी होते. पाऊस असा कोसळत होता की पुढची गाडी दिसेना. लाउडाने दोन फेऱ्यांनंतर गाडी आत आणली आणि तो खाली उतरला. यंत्रात बिघाड झाल्याचे सांगू, असे त्याच्या पक्षाकडून सुचविण्यात आले. तेही त्याने नाकारले. अजिंक्यपद अवघ्या एका गुणाने जेम्स हंटकडे गेले. पुढच्याच वर्षी लाउडाने ते परत मिळविले आणि १९८४ साली पुन्हा एकदा.

आता मोटारींवरून बैलांकडे येऊ. शंकरपट आपल्या विदर्भाचा. पुणे जिल्ह्यात बैलगाडा घाटात पळतो, त्याच्यापुढे घोडीही असते. आपल्याकडे हलका छकडा, दोन बैल आणि वर एक धुरकरी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपासून अमरावतीपर्यंत हा नाद आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात तर बायकाही कासरा हाती घेऊन छकडे पळवितात.

याच समुद्रपूर तालुक्यातील एका धुरकऱ्याच्या ओसरीवर आम्ही दोन संध्याकाळी बसलो. वय साठीच्या घरात, हाताची बोटे कासऱ्याने वाकडी झालेली. आम्ही विचारले, "बाबा, छकड्यावर असता तेव्हा तुमची नजर कोठे असते? पुढच्या झेंडीवर?"

"झेंडी लोकं पायते जी," ते म्हणाले. "मी कान पायतो बैलाचा. कान बोलते, गुरुजी. लोंबला का समजाचं, आता छकडा जड झाला त्याले."

नागपूरचा कारागीर इंजिनाचा आवाज ऐकतो, गिरडकडचा धुरकरी बैलाचा कान पाहतो. दोघांची भेट कधी झालेली नाही, व्हावयाचे कारणही नाही. पण विद्या एकच आहे. जो बोलू शकत नाही त्याचे ऐकणे, ही ती विद्या होय.

मग त्यांनी एका पटाची हकीकत सांगितली. जोडी नामी होती, तिच्यावर गावाचा जीव. सुटीच्या जागेकडे नेताना डाव्या बैलाने एक पाऊल किंचित आखडून टाकले. दुसऱ्या कोणाच्या ध्यानातही आले नाही. यांनी जू काढले आणि जोडी परत फिरविली. "लोकं हासले जी," ते सांगू लागले. "मने, भेला. मी मनलं, हो, भेलो. बैलाले बोलता येत असतं तं त्यानंच सांगतलं असतं. त्याले येत नाही मनून मले सांगा लागलं."

श्रोतेहो, आमच्या सगळ्या भटकंतीत याहून मोलाचे वाक्य आम्ही ऐकले नाही. जो शर्यतीत पळतो तो शर्यतीतला माणूस खरा. पण शर्यतीचा जाणता तो, ज्याला ती केव्हा थांबवावी हे कळते. लाउडा फुजीला उतरला, कारागिराने किल्ली खिशात घातली, धुरकऱ्याने जू काढले. तिघांचे शहाणपण एका जातीचे.

परंतु येथेच थांबलो तर आम्ही आपली फसवणूक केली असे होईल. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही त्याच गृहस्थांना तुतारीविषयी विचारले. तुतारी म्हणजे आर लावलेली काठी, हे आपणांस सांगावयास नको. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मारलं जी. खोटं कायले बोलू? तवा सारेच मारे." आर टोचणे, शेपटी पिरगळणे, पाठीवर वळ उठेपर्यंत हाणणे, हे पटात होत होते. दोरीच्या अलीकडून आपणही ते पाहत होतो आणि शिट्ट्या वाजवीत होतो. बंदी आकाशातून पडली नाही. २०११ साली केंद्र सरकारने बैलाचे नाव खेळांसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. पुष्कळांना तो आपल्या संस्कृतीवरचा घाला वाटला. आम्हांला असे वाटते की, घाला प्रथम बैलाच्या पाठीवर पडला होता. न्यायालयाने तो फक्त मोजला.

मोटारींच्या शर्यतीवरही असा दिवस आला होता. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समध्ये ल मान्स येथे एक गाडी उडून प्रेक्षकांत कोसळली. ऐंशीवर माणसे गेली, आणि शर्यत शेवटपर्यंत चालूच राहिली. स्वित्झर्लंडने आपल्या देशात अशा शर्यती बंद केल्या. ती बंदी कित्येक दशके टिकली. मग खेळ वाचला कशाने? आतल्या माणसांनी तोंड उघडले म्हणून. १९६६ साली बेल्जियममधील स्पा येथे जॅकी स्टुअर्ट उलथलेल्या गाडीत अडकला, आणि अंगावर पेट्रोल ठिबकत होते. सोडवावयास ना माणूस, ना हत्यार. बरोबरच्या दोन चालकांनी एका प्रेक्षकाच्या गाडीतला पाना आणून त्याला बाहेर काढले. त्यानंतर स्टुअर्ट आपल्या स्टिअरिंगला पाना बांधूनच शर्यतीत उतरे. त्याने पट्टे मागितले, कठडे मागितले, शर्यतीच्या जागी डॉक्टर मागितले. त्यालाही लोकांनी 'भेला' असेच म्हटले. तो तीनदा अजिंक्य झाला होता म्हणून बरे. नाही तर त्याचे कोणी ऐकले नसते.

आतल्या माणसाचे सदैव बरोबरच असते असेही समजू नये. २०१८ साली फॉर्म्युला वनच्या गाडीत चालकाच्या डोक्याभोवती धातूची कमान आली. ती कुरूप दिसते, खेळाची शान जाते, अशी ओरड झाली. ओरडणाऱ्यांत फ्रान्सचा रोमां ग्रोजां हाही होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनला त्याची गाडी लोखंडी कठडा फाडून दुभंगली आणि पेटली. त्या कमानीमुळे त्याचे डोके वाचले आणि तो स्वतःच्या पायांनी आगीतून बाहेर आला. मग त्याने आपले मत बदलले, आणि तसे जगाला सांगितलेही. आपल्याकडे 'काठीवाचून पट कसा?' असे विचारणाऱ्या जुन्या मंडळींनी ग्रोजांची ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता आपली स्थिती पाहा. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि नियम केले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींस अटींवर वाट मोकळी केली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरविली. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावयाची, पशुवैद्याची तपासणी व्हावयाची, धाव एक हजार मीटरांपलीकडे न्यावयाची नाही, काठी, चाबूक किंवा विजेचे यंत्र वापरावयाचे नाही, असे त्या नियमांचे सार आहे. कागदावर पुष्कळ चांगले आहे. पण जिल्हाधिकारी काही छकड्यावर बसत नाहीत. ज्या क्षणी डाव्या बैलाचे पाऊल आखडते त्या क्षणी तेथे कायदा नसतो, धुरकरी असतो.

आणि येथे मोटार व बैल यांतला मोठा फरक सांगितलाच पाहिजे. लाउडा आपल्या पायांनी खाली उतरला. त्याचा जीव, त्याची मर्जी. बैलाला मर्जी विचारलेली नसते. प्राण्यांची बाजू मांडणारी मंडळी म्हणतात की, एवढ्यावरूनच हा खेळ अन्यायाचा ठरतो, मग नियम कितीही करा. न्यायालयाने तो निर्णय विधिमंडळावर सोपविला; पण म्हणून त्या आक्षेपाचे वजन कमी झाले असे आम्ही मानीत नाही. त्याचे उत्तर मोर्चाने देता यावयाचे नाही, वागणुकीनेच द्यावे लागेल. मोटारीच्या चालकावर स्वतःची एक जबाबदारी. आपल्या धुरकऱ्यावर तीन जिवांची.

बैल पाळणारे म्हणतात, पट गेला तर जातिवंत जनावरही जाईल. वर्धा जिल्ह्याची गवळाऊ ही पांढरी, हलक्या हाडाची, झपझप चालणारी जात. मराठ्यांच्या फौजांचे सामान वेगाने हलवावयास हिचा उपयोग होई असे सांगतात. कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे तिच्या पैदाशीचे सरकारी केंद्र आहे. आता शेतात ट्रॅक्टर आला, कडबा महागला, आणि गोठ्यातली जोडी कमी झाली. अशा काळात जो शेतकरी सरकीची ढेप आणि तुरीचे कुटार विकत घेऊन जोडी सांभाळतो तो हिशेबाने नव्हे, हौसेने सांभाळतो. आणि त्या हौसेला पटाचा आधार आहे, हे आम्ही मान्य करतो. मात्र गवळाऊ पटासाठी जन्मली नाही. पट तिच्या चालीतून जन्मला. जनावर राखण्यासाठी पट, हे म्हणणे शोभते. पटासाठी जनावर खर्ची घालणे शोभत नाही.

हल्ली चांगल्या जोडीची बोली लाखांत जाते. किंमत वाढली की जनावराचा माल होतो. या गावच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे, आणि तेथले गोल खडे आपण सर्वांनी लहानपणी वेचले आहेत. साधुपुरुषाची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, ही त्या खड्यांची कथा आपल्या आजीने आपणांस सांगितली. मालापलीकडे ज्याला काही दिसत नाही त्याच्या हाती शेवटी काय उरते, हे गिरडकरांना बाहेरच्या वक्त्याने सांगण्याची गरज नाही.

शेवटी पट भरविणाऱ्या मंडळींना तीन विनंत्या करतो. पहिली, सुटीच्या जागी पशुवैद्य 'नाही' म्हणाले की ते अखेरचे. मग जोडी सरपंचांची असो की आमदारांची. दुसरी, बक्षिसांत एक बक्षीस असे ठेवा की जे धाव संपल्यावर, अंगावर एकही वळ नसलेल्या, ताज्यातवान्या जोडीला मिळेल. तिसरी विनंती ध्वनिक्षेपकावर बोलणाऱ्यास आहे. जिंकणाऱ्याचे नाव आपण दहादा घेता. ज्याने बैलाचे पाऊल पाहून जू काढले त्याचे नाव निदान एकदा घ्या, आणि आदराने घ्या.

चौथी विनंती आम्हा-तुम्हा दोरीच्या अलीकडच्यांना. आपण समजतो की आपण नुसते पाहतो. तसे नाही. आपली शिट्टी, आपली आरोळी, परत फिरणाऱ्याला पाहून आलेले आपले हसू, हीसुद्धा तुतारीच आहे. ती आधी धुरकऱ्याला टोचते आणि मग त्याच्या हातून बैलाला. ती आपण खाली ठेवली तर त्यालाही त्याची काठी खाली ठेवणे सोपे जाईल.

निघताना त्या धुरकऱ्याने आम्हांस गोठ्यात नेले. ज्याचे पाऊल आखडले होते तो बैल तेथे होता. म्हातारा झालेला, दावणीला नव्हे, मोकळा. पुढे कुटार टाकलेले. आम्ही विचारले, "हा नंतर पुन्हा पटात पळाला का?" ते म्हणाले, "पळाला जी, दोन वरीस." आणि थोडे थांबून म्हणाले, "त्या दिशी पळवला असता तं नसता पळाला."